थूलबाबूंचा मूळ दाखला

वर्ध्याच्या त्या तंत्रनिकेतनात दाखला मागायला गेलेला माणूस पहिल्याच खेपेला दाखला घेऊन बाहेर पडला, असं एकोणतीस वर्षांत एकदाही घडलं नव्हतं. यात आळस नव्हता, तत्त्व होतं. मधुकर चिंधू थूल, हेडक्लार्क, दाखला विभाग. टीसी असो, बोनाफाईड असो की चारित्र्याचा दाखला असो, थूलबाबूंच्या टेबलावरून जे जाई ते तीनदा तपासून, नोंदवहीत क्रमांक घालून आणि शिक्का बरोबर अर्धा सहीवर नि अर्धा कागदावर बसवून जाई. म्हणूनच त्यांनी दिलेला एकही दाखला आजवर कुठून परत आला नव्हता. मुंबईहून नाही, दिल्लीहून नाही, एक दुबईला गेला होता, तो तिथूनही नाही. ही गोष्ट ते आपणहून कोणाला सांगत नसत. दिवसातून दोन-तीनदा विषय निघालाच तर तेवढ्यापुरती.

तीस जून दोन हजार सहाला ते निवृत्त व्हायचे होते. स्वच्छ कपाळानं, म्हणजे एकही डाग न लागता. आणि नेमका त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत कॉलेजात फायरवॉल आला.

नागपूरच्या एका इंजिनीअरनं प्राचार्यांच्या केबिनबाहेरच्या कोनाड्यात एक काळी लोखंडी पेटी बसवली. इंटरनेटवर जायचं त्यानं आधी या पेटीला आपलं नाव आणि पासवर्ड सांगायचा, मगच ती आत सोडेल. थोडक्यात, गेटवरचा चौकीदार. नावात 'फायर' असल्यामुळे शिपाई जयवंताबाईंनी पेटीखाली रेतीची बादली आणून ठेवली आणि ती शेवटपर्यंत कोणाला हलवू दिली नाही.

पेटीचा फॉर्म भरता भरता इंजिनीअरनं विचारलं, "सर, सर्टिफिकेट कौन देखेगा?"

प्राचार्य फोनवर होते. फोनवर हात ठेवून ते म्हणाले, "सर्टिफिकेट का काम थूलबाबू के पास है."

यात खोटं काहीच नव्हतं. इंजिनीअरनं नावाच्या रकान्यात थूलबाबूंचं नाव घातलं, मुदतीच्या रकान्यात घाईघाईनं नव्वद दिवस घातले आणि नागपूरची गाडी पकडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉलेजातल्या सेहेचाळीस कॉम्प्युटरांवर एकच चौकट उमटली. चौकटीत इंग्रजीत तीन ओळी होत्या. तारखेच्या ओळीपुढे हिरवी खूण, म्हणजे ती ठीक. उरलेल्या दोन ओळींपुढे पिवळे त्रिकोण. एक म्हणत होती, दाखल्यावरचं नाव जुळत नाही. दुसरी म्हणत होती, हा दाखला ज्यानं दिला आहे त्याच्यावर विश्वास ठेवायचं तुम्ही अजून ठरवलेलं नाही. दाखला कोणी दिला हे पाहायला बटण होतं. ते दाबलं की मोठ्या अक्षरात यायचं: थूल.

लोक 'चालेल' म्हणून बटण दाबायचे आणि पुढे जायचे. पण जाता जाता वाचायचे.

"बाबूजी," स्टोअरकीपर अण्णाजी कँटीनमध्ये सगळ्यांच्या देखत म्हणाले, "आज सकायी मले मशीन विचारून राह्यली का थूलबाबूवर भरोसा हाय का मून. म्यां म्हटलं, चहा पिऊन सांगतो."

अण्णाजींचं दुखणं जुनं होतं. त्यांच्या मुलाचं बोनाफाईड थूलबाबूंनी अर्जाशिवाय दिलं नव्हतं, आणि अर्ज आणला तर दुसरी प्रत मागितली होती. थूलबाबूंनी चहा तसाच ठेवला आणि थेट कॉम्प्युटरच्या हर्षा मॅडमचा वर्ग गाठला.

हर्षा मॅडम वयानं लहान पण समजावून सांगण्यात पक्क्या. "सर, याला सेल्फ साइन्ड म्हणतात. म्हणजे दाखला तुमच्या नावाचा, आणि दिलाही तुम्हीच. आपणच आपल्याला दिलेला दाखला कोणी मानत नाही."

थूलबाबू खुर्चीत बसले. एकोणतीस वर्षं ते पोरांना हेच सांगत आले होते, की बाबा, आपल्या चारित्र्याचा दाखला आपणच लिहून आणायचा नसतो. तोच गुन्हा त्यांच्या नावावर सेहेचाळीस ठिकाणी लागला होता.

"आणि नाव काऊन जुळत नाई?"

"लोक पेटीला 'नेट' या नावानं बोलावतात आणि दाखल्यावर नाव आहे तुमचं."

हे मात्र त्यांना चटकन कळलं. घरचं नाव एक आणि दाखल्यावरचं दुसरं, या एका भानगडीपायी त्यांनी आयुष्यात चारशे तरी प्रतिज्ञापत्रं मागवली होती. त्यांनी मान डोलावली. ही वस्तू पेटीत राहत असली तरी जात दाखल्याचीच आहे, आणि दाखला म्हटला की तो आपल्या हाताखालचा, हे त्यांच्या मनानं घेतलं. पुढचं सगळं रामायण तिथून सुरू झालं.

संध्याकाळी घराच्या ओट्यावर सल्लागार मंडळ बसलं. अध्यक्ष शेजारचे बंडूजी, रेल्वेतून निवृत्त झालेले. कोपऱ्यावरच्या दुकानातून हिरालालजी आले. त्यांच्याकडे झेरॉक्स, लॅमिनेशन आणि घड्याळाचे सेल मिळत, आणि त्यांचा सल्ला या तिन्हींच्या बाहेर सहसा जात नसे. बंडूजी म्हणाले, "गॅझेटेड ऑफिसरची सही घ्या, मंग कोणाची हिंमत हाय अविश्वास दाखवाची." हिरालालजी म्हणाले, "सही घेऊन कागद मेरे पास लेके आओ. लॅमिनेशन केलं का त्याले मरण नाई." थूलबाबूंच्या पत्नी सुलोचनाबाई पोहे देता देता म्हणाल्या, "ज्यानं पेटी बसवली त्यालेच बलावा न." या सल्ल्याकडे कोणी लक्ष दिलं नाही. साधे सल्ले घरच्या माणसाकडून आले की त्यांचं असंच होतं.

थूलबाबूंनी पडद्यावरचा दाखला कागदावर छापून घेतला. ओळखीच्या एका राजपत्रित अधिकाऱ्याची सही घेतली, कॉलेजचा गोल शिक्का मारला, हिरालालजींकडून लॅमिनेशन केलं, वर चौकट बसवली आणि ती फ्रेम त्यांनी पेटीच्या अंगावरच टांगली. पेटीला आपला दाखला दिसत राहावा, आणि येणाऱ्या-जाणाऱ्यालाही. चार दिवस ती मोठी शोभून दिसली.

फ्रेम पेटीच्या पंख्याच्या जाळीवर बसली होती. मार्च संपता संपता वर्ध्याचं ऊन तापलं तशी पेटीही तापली, आणि एका दुपारी घुर्र करून गप्प झाली. जयवंताबाई रेतीची बादली उचलून तयार उभ्या होत्या, त्यांना मोठ्या मुश्किलीनं आवरावं लागलं. फ्रेम काढून, गार करून पेटी चालू केली, तर पडद्यावर जिथं हिरवी खूण होती ती तारखेची ओळही पिवळी. दाखल्याची मुदत अजून सुरू व्हायची आहे, असं पेटी म्हणत होती.

"म्हंजे?" थूलबाबूंनी विचारलं.

"म्हणजे पेटीच्या हिशेबानं तुम्ही अजून जन्माला यायचे आहात," हर्षा मॅडम हसू दाबत म्हणाल्या.

या वेळी बंडूजी कामाला आले, आणि त्याचा अभिमान ते अजून बाळगून आहेत. "गाडी टायमाच्या आधी आली असं दिसलं," ते म्हणाले, "तर आमी गाडी नाई पाहात, पयले ठेसनची घडी पाहातो." कॉलेजातले सगळे कॉम्प्युटर वेळ पेटीकडूनच घेत. पेटीचं घड्याळ पाहिलं, तर तिथं एक जानेवारी दोन हजार. दिवसाकाठी लोडशेडिंग, त्यात तापून आतला घड्याळाचा सेल मेलेला, त्यामुळे वीज गेली की पेटी सहा वर्षं मागे जाऊन उभी राहायची. सेल हिरालालजींकडे निघाला. त्यांनी तो स्वतः येऊन बसवला आणि लॅमिनेशनचा विषय त्यानंतर आपणहून काढला नाही.

तारीख पुन्हा हिरवी झाली. थूलबाबूंचा जीव भांड्यात पडला आणि ते मे महिन्यात भाचीच्या लग्नाला तळेगावला, म्हणजे वर्धा जिल्ह्यातल्याच श्यामजीपंतांच्या तळेगावला, चार दिवसांची रजा टाकून गेले. नव्वद दिवसांचा हिशेब कोणी ठेवला नव्हता. एवढी एकच मुदत थूलबाबूंनी नोंदवहीत घेतली नव्हती, कारण ती त्यांना कोणी सांगितलीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी जयवंताबाईंनी नेहमीसारखा प्राचार्यांचा कॉम्प्युटर चालू केला. त्यांना इंग्रजी अक्षरं लागत, शब्द मोजके येत. पडद्यावर तीनही ओळी पिवळ्या. एका ओळीत त्यांना ओळखीचा शब्द दिसला, एक्सपायर्ड. बटण दाबून पाहिलं तर खाली नाव, थूल. जयवंताबाई फडकं हातात घेऊन व्हरांड्यात येऊन बसल्या.

"काय झालं, बाई?" अण्णाजींनी विचारलं.

"थूलबाबू एक्सपायर झाले. कम्प्युटरवर आलं."

कम्प्युटरवर आलेलं खोटं कसं असणार? अण्णाजी मटकन खाली बसले. माणसाचं भांडण जिवंत माणसाशी असतं. दहा मिनिटांनी त्यांनी स्वतःच्या हातानं फळ्यावर लिहिलं, 'आमचे सहकारी मधुकरराव थूल यांचे दुःखद निधन. त्यांच्यासारखा काटेकोर माणूस होणे नाही.' लिहिताना त्यांचे डोळे भरून आले होते, हे नंतर तिघांनी शपथेवर सांगितलं. प्राचार्य नागपूरला बैठकीत. हर्षा मॅडम सुटीवर. तळेगावला लग्नघरी फोन नव्हता. थूलबाबूंच्या घराला कुलूप. अण्णाजींनी शेजारी फोन करून बंडूजींना निरोप दिला, आणि दुपारी एक जीप करून बंडूजी, अण्णाजी आणि ऑफिसातली आणखी तिघं पांढऱ्या फुलांचा हार घेऊन निघाली.

तळेगावच्या मांडवात पंगत बसली होती. थूलबाबू धोतराचा काचा मारून, बुंदीची परात कमरेला लावून वाढत होते. हार घेतलेली पाच माणसं मांडवाच्या दाराशी येऊन उभी राहिली आणि त्यांच्याकडे पाहतच राहिली.

"बाबूजी," बंडूजी शेवटी म्हणाले, "तुमी तं एक्सपायर झालते न."

"कोनं सांगतलं?"

"मशीननं."

थूलबाबूंनी परात खाली ठेवली. जरा विचार केला. मग त्यांच्या लक्षात आलं, आणि आपण जिवंत असल्याच्या आनंदापेक्षा दुसरीच गोष्ट त्यांना झोंबली. "मी नाई," ते म्हणाले, "माहा दाखला एक्सपायर झाला." आणि ते मांडवाच्या खांबाला टेकून उभे राहिले. दाखल्याची मुदत संपू द्यायची आणि कारकुनाला पत्ता नसायचा, ही गोष्ट त्यांच्या हयातीत घडली होती. पाहुण्यांना जेवायला बसवलं. हाराचं काय करायचं ते कोणाला कळेना, तेव्हा अण्णाजींनी तो थूलबाबूंच्याच गळ्यात घातला. "आणलाच हाय तं," ते म्हणाले.

परत आल्यावर थूलबाबूंनी फळ्यावरचा मजकूर वाचला. काटेकोर हा शब्द त्यांनी दोनदा वाचला. सूचनेला जावक क्रमांक नव्हता, तेवढी एक चूक त्यांनी अण्णाजींना दाखवली, पण हळू आवाजात.

प्राचार्यांनी मात्र बोलावून घेतलं. "थूलबाबू, बारा जूनला मान्यतेची कमिटी येते आहे. अध्यक्ष साहेब याच कॉम्प्युटरवर बसून कागदपत्रं पाहणार. त्यांच्यासमोर ही पिवळी चौकट आली तर बरं दिसणार नाही. हे सर्टिफिकेटचं काम आपण नागपूरच्या कंपनीकडे देऊन टाकू. तुमचं तसंही आता तीस जूनला..." वाक्य त्यांनी पुरं केलं नाही.

एकोणतीस वर्षांचा दाखला विभाग, आणि शेवटच्या अठरा दिवसांसाठी दुसऱ्याच्या हाती. थूलबाबू म्हणाले, "बारा तारखेपर्यंत द्या, साहेब. नाई जमलं तर मीच अर्ज लिहून देतो."

हर्षा मॅडम सुटीतून आल्या. त्यांनी समजावलं, की आधी एक मूळ दाखला बनवायचा. त्या मूळ दाखल्यानं पेटीला दाखला द्यायचा, तोही 'नेट' या नावानं, लोक बोलावतात त्याच. आणि मग प्रत्येक कॉम्प्युटरला जाऊन सांगायचं, की हा मूळ दाखला मानायचा. एकदा त्यानं मानला की पिवळी चौकट येत नाही.

"म्हणजे प्रत्येकाच्या दारी जाऊन विश्वास मागाचा," थूलबाबू म्हणाले.

"हो, सर. सेहेचाळीस ठिकाणी."

"मागू. आणि मुदत?"

"मूळ दाखल्याची दहा वर्षं ठेवतात. पेटीच्या दाखल्याची एक, दर वर्षी नवा द्यायचा."

थूलबाबूंनी नवी नोंदवही आखली. क्रमांक, कोणास दिला, कोणी दिला, दिल्याची तारीख, मुदत संपण्याची तारीख, आणि त्याच्या एक महिना आधी लाल शाईत 'नूतनीकरण'. हर्षा मॅडमनी वही पाहिली, रकान्यांवरून एकदा बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "सर, मोठ्या मोठ्या ठिकाणी हीच वही नसते." एवढं एक वाक्य सुलोचनाबाईंना त्या आठवड्यात अकरा वेळा ऐकावं लागलं.

मूळ दाखला तयार झाला. देणाऱ्याच्या रकान्यात पूर्ण नाव: मधुकर चिंधू थूल. आणि त्याखाली आला अंगठा. त्या लोकांच्या भाषेत थंबप्रिंट. प्रत्येक दाखल्याची चाळीस आकडे-अक्षरांची एक ओळ, जी दुसऱ्या कोणत्याही दाखल्याची नसते. थूलबाबूंच्या कपाळावर आठ्या आल्या. "मी सही करणारा माणूस हाय, मॅडम. अंगठा काऊन?"

त्यांचे वडील चिंधू थूल कापसाच्या जिनिंगमध्ये हमाल होते. आयुष्यभर मस्टरवर अंगठा. मधुकरच्या शाळेच्या दाखल्यासाठी ते याच शहरातल्या एका कचेरीत उभे राहिले होते. अंगठा उमटवल्यावर तिथल्या कारकुनानं शाई पुसायला चिंधी पुढे केली नाही, तेव्हा त्यांनी तो धोतराला पुसला होता. धुतल्यावरही तो डाग गेला नव्हता. थूलबाबूंच्या टेबलावर शाईच्या पॅडशेजारी रोज एक स्वच्छ धुतलेलं फडकं असे, ते का असे हे कॉलेजात कोणी कधी विचारलं नाही.

"सही कोणी उचलू शकतो, सर," हर्षा मॅडम म्हणाल्या. "अंगठा नाही."

थूलबाबूंनी ती चाळीस अक्षरं आपल्या वळणदार हातानं नोंदवहीत उतरवली.

मग फेरी निघाली. पुढे थूलबाबू, मागे वही घेऊन जयवंताबाई. प्रत्येक कॉम्प्युटरवर मूळ दाखला घातला की तो अंगठा दाखवून विचारी, मानायचा का? हर्षा मॅडम म्हणाल्या होत्या, पहिली चार अक्षरं पाहिली तरी चालतं. पण अर्धा दाखला तपासणं थूलबाबूंच्या रक्तात नव्हतं. जयवंताबाई वहीतून वाचत, "ए, तीन, एफ, सात," आणि थूलबाबू पडद्यावर बोट ठेवून पुढे सरकत. चाळीसच्या चाळीस. लायब्ररीत एक अक्षर जुळेना तेव्हा त्यांना घाम फुटला. जयवंताबाईंनी बी ला आठ वाचलं होतं. आणि 'होय' चं बटण ते स्वतः दाबत नसत. खुर्चीतल्या माणसाला म्हणत, "भरोसा असंल तर तुमीच दाबा." पंचेचाळीस जणांनी दाबलं.

सेहेचाळीसावा कॉम्प्युटर अण्णाजींचा.

अण्णाजी हाताची घडी घालून बसले होते. "असं तोंडी कसं करता येईन, बाबूजी? अर्ज द्या."

जयवंताबाई वही आपटणार होत्या. थूलबाबूंनी खिशातून पेन काढलं, तिथंच उभ्यानं अर्ज लिहिला, 'विषय: माझ्यावर विश्वास ठेवण्याबाबत', आणि खाली सही केली.

"दोन प्रती," अण्णाजी म्हणाले.

थूलबाबूंनी दुसरी प्रत लिहिली. अण्णाजींनी दोन्ही तपासल्या, एकीवर पोच दिली, तारीख घातली आणि मग बटण दाबलं. थूलबाबू बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा फुललेला होता. "सगळ्या कॉलेजात," ते जयवंताबाईंना म्हणाले, "एकट्या अण्णाजीनं बरोबर काम केलं."

बारा जूनला कमिटी आली. अध्यक्ष साहेब प्राचार्यांच्या खुर्चीत बसले, कॉम्प्युटर चालू झाला. थूलबाबू दाराशी उभे होते, इस्त्रीचा सदरा, हातात नोंदवही. अध्यक्षांनी नाव घातलं, पासवर्ड घातला आणि कागदपत्रं पाहू लागले.

काहीच झालं नाही. चौकट नाही, पिवळं नाही. चार महिन्यांची तपश्चर्या फळाला आली होती आणि ती कोणाला दिसतच नव्हती. कमिटी इमारतीचे नकाशे पाहायला लागली. प्राचार्यांनी डोळ्यांनीच थूलबाबूंना जायला सांगितलं. थूलबाबू गेले नाहीत.

"साहेब," ते म्हणाले, "खालच्या कोपऱ्यात पिवळं कुलूप हाय. ते दोनदा दाबून पाहा."

प्राचार्यांनी डोळे मिटले. अध्यक्षांनी कुलूप दाबलं. दाखला उघडला, त्यांनी वाचला. "मधुकर चिंधू थूल. ही कुठली कंपनी?"

"कंपनी नाई, साहेब. मी."

अध्यक्षांनी चष्मा वर केला. त्यांनी मूळ दाखला उघडला. ते स्वतः या विषयातले होते. "हा तुमचाच कशावरून?"

थूलबाबूंनी वही उघडली नाही. सेहेचाळीस वेळा ऐकलेली ती ओळ त्यांनी भिंतीकडे पाहत पहिल्या अक्षरापासून म्हणायला घेतली. अध्यक्ष पडद्यावर बोट सरकवत राहिले. चाळीसावं अक्षरही जुळलं. अध्यक्षांनी नोंदवही मागून घेतली, लाल शाईच्या तारखा पाहिल्या आणि प्राचार्यांना म्हणाले, "हे काम बाहेर देऊ नका."

त्या दिवशी थूलबाबू घरी पायी गेले, मुद्दाम लांबच्या रस्त्यानं, जुन्या जिनिंगच्या फाटकावरून.

तीस जूनला निरोपसमारंभ झाला. अण्णाजींनी भाषण केलं, बऱ्यापैकी निधनाच्या सूचनेतलंच होतं. संध्याकाळी थूलबाबूंनी नव्या बाबूंना चार्ज दिला. शिक्के, पॅड, नोंदवह्या, आणि पॅडशेजारचं फडकं. ते फडकं यादीत लिहावं लागेल काय, असं नव्या बाबूंनी विचारलं. "लिहा," थूलबाबू म्हणाले. "रोज धुवाचं, हेही लिहा."

शेवटची नोंद जयवंताबाईंनी वाचली, आता त्यांना सराव झाला होता. "मूळ दाखला, एक. देणार, मधुकर चिंधू थूल. मुदत, एक जून दोन हजार सोळा." त्यांनी बोटांवर वर्षं मोजली.

"मंग तवरक तुमी एक्सपायर होत नाई, बाबूजी."

थूलबाबूंनी त्या ओळीखाली सही केली, शाई वाळेपर्यंत थांबले आणि वही मिटली.

"कसा होईन, बाई," ते म्हणाले. "नोंद हाय न."